मालिकाबद्ध प्रणयकादंबरी : वाचक स्त्रीच्या मताचा इतिहास

१

भाड्याने पुस्तके देणाऱ्या खाजगी वाचनालयांतील 'मिल्स अँड बून'च्या प्रती ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना मलपृष्ठाच्या आतल्या बाजूस असणाऱ्या पेन्सिलीच्या खुणा आठवत असतील. कुणी आपली आद्याक्षरे लिहून ठेवलेली असत, कुणी एका ठरावीक पानाच्या आकड्याभोवती वर्तुळ काढलेले असे. सारख्या नावांच्या, सारख्या मुखपृष्ठांच्या शेकडो पुस्तकांमधून हे पुस्तक आपण पूर्वी नेले होते की नाही हे कळावे, एवढाच या खुणांचा व्यावहारिक उपयोग. काही खुणा मात्र त्यापलीकडे जात. 'नायक उद्धट, पण शेवटी सुधारतो', 'घेऊ नये', 'शेवटची दहा पाने पुन्हा वाचणे' असे शेरे मी पदवीच्या वर्गात असताना पुष्कळ पाहिले. त्यांची गंमत वाटे; ते साहित्यविषयक मत आहे असे मात्र तेव्हा मनात आले नाही.

पुढे पीएच.डी.च्या प्रबंधात लोकप्रिय कादंबरीवरील एका प्रकरणात 'या कादंबऱ्यांची वाचक स्त्री स्वप्नरंजनात गुंगून वास्तवाचे भान हरवते' असे विधान मी केले. त्या विधानाच्या पुष्ट्यर्थ एकाही वाचक स्त्रीशी मी बोलले नव्हते. वस्तुतः तशी एक वाचक प्रबंध लिहिणाऱ्या टेबलाशीच बसलेली होती, पण तिचेही मत मी विचारले नाही. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी तळटिपांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, संदर्भसूचीतील दोन चुका दाखविल्या. या वाक्यावर कुणीही बोट ठेवले नाही. ते इतके सर्वमान्य होते की त्याला आधाराची गरजच भासली नाही. असे वाक्य समीक्षेत कोठून येते, आणि ज्या भाषेत ही कादंबरी जन्मली तेथे या वाक्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

'कॅटेगरी रोमान्स' या संज्ञेला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. 'प्रणयकादंबरी' म्हटले की आपल्याला फडके आठवतात आणि घोटाळा होतो. येथे अभिप्रेत असलेली कादंबरी ही प्रकाशनसंस्थेने आखलेल्या मालिकेत, ठरावीक पृष्ठसंख्येत, दरमहा ठरावीक संख्येने आणि बहुधा क्रमांक धारण करून बाजारात येते, व पुढच्या महिन्याचा गठ्ठा आला की दुकानातल्या फडताळावरून उतरते. आकार पुस्तकाचा आणि आयुष्य मासिकाचे. तिच्या मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाहून मालिकेचे नाव अधिक परिचयाचे असते. म्हणून तिला 'मालिकाबद्ध प्रणयकादंबरी' म्हणणे मला सोयीचे वाटते. ही व्याख्या आशयाची नसून उत्पादन व वितरण यांची आहे हे ध्यानात ठेवावे लागते, कारण समीक्षेने पुष्कळदा वितरणाचे गुणधर्म वाचकाच्या मनाचे गुणधर्म म्हणून मोजले आहेत. पुस्तके एकसारखी दिसतात, म्हणून ती वाचणाऱ्या स्त्रियाही एकसारख्याच असणार, असा तो तर्क आहे.

२

जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी १९०८ मध्ये लंडनला ही संस्था स्थापन केली तेव्हा ती प्रणयकादंबऱ्यांची नव्हती. दोघेही मेथ्यून या प्रकाशनसंस्थेतून बाहेर पडलेले. १९०९ मध्ये निघालेले त्यांचे पहिले पुस्तक सोफी कोल यांची 'ॲरोज फ्रॉम द डार्क' ही प्रणयकथा असली, तरी त्याबरोबर प्रवासवर्णने, क्रीडाविषयक पुस्तके, शालेय पुस्तके असा सर्वसाधारण संसार होता. जॅक लंडन यांची पुस्तकेही त्यांनी इंग्लंडात काढली. प्रणयकादंबरीकडे संस्था वळली ती १९३० च्या दशकात, आणि तीही वाचनालयांच्या मागणीमुळे. 'बूट्स' या औषधविक्रेत्या कंपनीच्या दुकानांतून चालणारे ग्रंथालय आणि कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानांतून चालणारी दोन पेन्सची वाचनालये ही तिची खरी गिऱ्हाइके. पुठ्ठा-बांधणीची, तपकिरी रंगाची ही पुस्तके वाचक विकत घेत नसे, आठवड्याच्या बोलीने नेत असे. 'ती तपकिरी पुस्तके' एवढी ओळख पुरे होई.

म्हणजे वाचकाचे मत अगदी आरंभापासून नोंदले जात होते, पण ते शब्दांत नव्हे, पुस्तक किती वेळा बाहेर गेले या आकड्यांत. वाचनालयवाला हा त्या मताचा पहिला दुभाषी. चार्ल्स बून यांच्यानंतर, विशेषतः त्यांचे पुत्र ॲलन बून यांच्या संपादनकाळात, वाचकांची पत्रे आणि वाचनालयांची मागणी यांच्या आधारे लेखिकांना सूचना जात. इतिहासकार जोसेफ मकॅलीर यांनी संस्थेचा पत्रव्यवहार चाळून १९९९ मध्ये 'पॅशन्स फॉर्च्यून' हा ग्रंथ लिहिला. त्यातून दिसणारी गोष्ट अशी की ज्याला आपण 'साचा' म्हणतो तो एकदाच ओतून ठेवलेला नव्हता; लेखिका, संपादक आणि वाचक यांच्या कुरबुरींतून तो सतत बदलत राहिला. नायिकेने लग्नानंतर नोकरी करावी की नाही, घटस्फोटित पुरुष नायक होऊ शकतो का, अशा प्रश्नांवरची वाटाघाट त्यात आहे. त्याच वर्षी जे डिक्सन यांचा 'मिल्स अँड बून'च्या कादंबऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या स्वतः या संस्थेत संपादनाचे काम केलेल्या. १९०९ पासूनच्या कादंबऱ्या दशकांनुसार वाचून त्यांनी दाखविले, की नायक-नायिकेचे संबंध, स्त्रीचे काम, शरीरसंबंधांविषयीची भूमिका यांत एका दशकाचे दुसऱ्याशी साम्य फार थोडे. 'एक वाचली की सगळ्या वाचल्या' हे वाक्य ज्यांनी एकच वाचली त्यांचे आहे.

३

समीक्षेने या वाचकाची दखल घेतली ती काळजीच्या सुरात. क्यू. डी. लीव्हिस यांचा 'फिक्शन अँड द रीडिंग पब्लिक' (१९३२) हा या विषयावरचा इंग्रजीतील आद्य म्हणावा असा ग्रंथ. वाचनालयांत काय वाचले जाते याची त्यांनी प्रत्यक्ष पाहणी केली, हे त्या काळी धाडसाचेच. पण प्रश्नावली पाठविली ती कोणाला? लोकप्रिय कादंबरीकारांना. ज्यांच्या अभिरुचीविषयी हा ग्रंथ आहे त्या वाचकांना बोलते करण्याची आवश्यकता ग्रंथकर्त्रीला वाटली नाही. वाचन हे व्यसनासारखे झाले आहे, असे निदान केले की रोग्याचे म्हणणे गौण ठरते. वैद्याने नाडी पाहिली म्हणजे झाले.

चाळीस वर्षांनी स्त्रीवादाने हा विषय हाती घेतला तेव्हा कारण बदलले, पवित्रा फारसा बदलला नाही. जर्मेन ग्रीअर यांनी 'द फीमेल युनक' (१९७०) मध्ये जॉर्जेट हेयर आणि बार्बरा कार्टलंड यांच्या कादंबऱ्या घेऊन प्रणयकथेवर झोड उठविली. स्त्री आपल्याच दास्याला कुरवाळते, असा त्यांचा आशय होता. लीव्हिस यांना संस्कृतीची चिंता होती, ग्रीअर यांना स्त्रीमुक्तीची. पण दोघींच्या लेखी वाचक स्त्री ही जिच्याविषयी बोलायचे ती होती, जिच्याशी बोलायचे ती नव्हती. ग्रीअर यांचा संताप मला परका वाटत नाही. त्या काळच्या अनेक कादंबऱ्यांतील नायकाचा आडदांडपणा आज वाचवत नाही. तरीही कादंबरीतल्या नायकाविषयीचा राग वाचकावर काढणे ही समीक्षेची जुनी खोड आहे, आणि ती मराठीतही आहे.

या दोन ग्रंथांच्या मध्ये एक छोटी घटना घडून गेली होती, जिची साहित्याच्या अभ्यासकांनी पुरेशी नोंद घेतली नाही. शेफील्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ पीटर मान यांनी प्रणयकादंबरीच्या वाचकांची पाहणी केली आणि ती १९६९ मध्ये 'द रोमँटिक नॉव्हेल : अ सर्व्हे ऑफ रीडिंग हॅबिट्स' या नावाने प्रसिद्ध झाली. १९७४ मध्ये तिचा दुसरा भाग आला. वाचक कोण, वय काय, काम काय, आणखी काय वाचतात, हे प्रश्न त्यांनी थेट वाचकांनाच विचारले. अर्धशिक्षित, एकाकी, कंटाळलेली बाई हे ठोकळेबाज चित्र या उत्तरांपुढे टिकत नाही, असे त्यांच्या हाती आले. नोकरी करणाऱ्या, लेखनिकी पेशातल्या, अनेक प्रकारची पुस्तके वाचणाऱ्या स्त्रिया त्यांत मोठ्या प्रमाणावर होत्या.

मात्र ही पाहणी प्रकाशित कोणी केली? 'मिल्स अँड बून' यांनीच. प्रश्नावल्या गेल्या त्या संस्थेच्या यादीतील वाचकांकडे, म्हणजे ज्यांनी आपला पत्ता आनंदाने दिला होता त्यांच्याकडे. नाखूश वाचक या जाळ्यात सापडणे कठीण. तेव्हा वाचक स्त्रीचा आवाज छापील स्वरूपात प्रथम उमटला तो व्यापाऱ्याच्या खर्चाने, आणि समीक्षकाने तो त्याच कारणासाठी बाजूला ठेवला. या दोहोंत अधिक दोष कोणाचा, हे ठरविणे मला अवघड जाते. व्यापाऱ्याला निदान विचारावेसे वाटले.

४

कॅनडातील हार्लेक्विन या संस्थेने हा प्रश्न वेगळ्या पातळीवर नेला. १९४९ मध्ये विनिपेग येथे रिचर्ड बॉनीकॅसल यांनी स्थापन केलेली ही संस्था आरंभी सर्व प्रकारची स्वस्त पुनर्मुद्रणे काढी. १९५७ पासून तिने 'मिल्स अँड बून'च्या, मुख्यतः डॉक्टर-परिचारिकांच्या प्रणयकथा छापण्यास प्रारंभ केला. त्यांमागे मेरी बॉनीकॅसल यांची वाचक म्हणून असलेली आवड होती. एका वाचक स्त्रीच्या मताने प्रकाशनव्यवसायाला वळण दिले, असे म्हणता येण्याजोगे हे दुर्मिळ उदाहरण. १९७१ मध्ये हार्लेक्विनने 'मिल्स अँड बून' विकत घेतली, आणि त्याच सुमारास प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण-सोड्याच्या कंपनीत तयार झालेले लॉरेन्स हायसी सूत्रधार म्हणून आले. पुस्तके दुकानांबरोबर किराणा भांडारांतही आली. बाजारपेठेच्या शास्त्राने वाचकाचे मत आता नुसते ऐकले जाईना. ते मोजले जाऊ लागले, भाकीत केले जाऊ लागले.

या शास्त्राच्याही चुका बोलक्या आहेत. अमेरिकन वाचकांना ब्रिटिश नायिकाच हव्यात असे संस्थेने बराच काळ धरून ठेवले. जॅनेट डेली या तिच्या पहिल्या अमेरिकन लेखिका. त्यांचे यश दिसत असूनही, आपल्याकडे एक अमेरिकन लेखिका आहे, दुसरीची गरज नाही, अशा धोरणाने नोरा रॉबर्ट्स यांचे हस्तलिखित परत गेले. १९८० मध्ये सायमन अँड शूस्टरने 'सिल्हूट' ही स्पर्धक मालिका काढली, आणि १९८१ मध्ये रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी तेथून आली. १९८४ मध्ये हार्लेक्विनने सिल्हूटच विकत घेऊन स्पर्धा संपविली, ही गोष्ट वेगळी. वाचकांना काय हवे ते आम्ही जाणतो, असे समीक्षक म्हणतो तेव्हा त्याची चूक उघडकीस येत नाही. व्यापारी म्हणतो तेव्हा ती वर्षअखेरीस हिशेबात दिसते.

त्याहून मोठी चूक वर्णाच्या संदर्भात झाली. मालिकाबद्ध कादंबरीची वाचक म्हणजे गोरी वाचक, हे गृहीत कोणी कधी लिहून ठेवले नव्हते, कारण ते सर्वांच्या अंगवळणी होते. डेल प्रकाशनाच्या संपादिका व्हिव्हियन स्टीफन्स यांनी १९८० मध्ये एल्सी वॉशिंग्टन यांची, रोझलिंड वेल्स या टोपणनावाने लिहिलेली, 'एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज' काढली. कृष्णवर्णीय लेखिकेने कृष्णवर्णीय नायक-नायिकांवर लिहिलेली या मालिका-व्यवहारातील ती पहिली म्हणून ओळखली जाते. स्टीफन्स स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखिका-संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. १९८५ मध्ये सँड्रा किट यांची 'ॲडम अँड ईव्हा' हार्लेक्विनकडून आली. पण या वाटेवर पुढची अनेक वर्षे तुरळकच पावले पडली, आणि २०१९ च्या अखेरीस वर्णद्वेषाविषयीच्या वादात ती संघटना आतून फुटली. २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. 'वाचक' हा एकवचनी शब्द किती जणींना दाराबाहेर ठेवून बनतो याचे हे उदाहरण, आणि केवळ व्यापाऱ्यांना लागू पडणारे नव्हे, हे आता पाहू.

५

१९७९ मध्ये ॲन स्निटो यांनी 'रॅडिकल हिस्टरी रिव्ह्यू'मध्ये हार्लेक्विन कादंबऱ्यांवर लेख लिहिला. स्त्रियांसाठीचे कामोद्दीपक साहित्य या दृष्टीने त्यांनी या कथा तपासल्या, आणि तुच्छतेऐवजी कुतूहल हा या विषयाचा स्वर असू शकतो हे दाखविले. टानिया मॉडलेस्की यांचा 'लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स' (१९८२) हा ग्रंथ आणखी पुढे गेला. नायक इतका तुसडा का वागतो हे नायिकेला कळत नसते, पण वाचकाला ठाऊक असते, कारण तिने या प्रकारच्या कथा पूर्वी वाचलेल्या असतात. या ज्ञानामुळे वाचक नायिकेशी पूर्ण एकरूप होऊच शकत नाही. शेवटी नायक वाकतो तेव्हा तिला मिळणाऱ्या समाधानात दबलेल्या सूडाचा अंश असतो, असे मॉडलेस्की म्हणतात. हे वाचन तीक्ष्ण आहे. परंतु येथेही 'वाचक' संहितेतून काढलेली आहे; इझरच्या 'अभिप्रेत वाचका'ची ही बहीण. तिला भूक लागत नाही आणि तिचे मूल रडत नाही.

मूल रडते ती वाचक जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथात प्रथम दिसते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका गावात, ज्याला त्यांनी 'स्मिथटन' हे कल्पित नाव दिले, एका पुस्तकाच्या दुकानात काम करणाऱ्या स्त्रीभोवती प्रणयकादंबऱ्यांच्या नियमित वाचक स्त्रियांचा एक गट जमला होता. ग्रंथात 'डॉट' या नावाने येणारी ही स्त्री वाचकांसाठी एक वार्तापत्रही काढी. कोणती पुस्तके घ्यावीत, कोणती टाळावीत हे त्यात असे. रॅडवे यांनी यांपैकी ४२ स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, अनेकींशी प्रदीर्घ बोलणी केली. त्यांतून जे निष्पन्न झाले ते या ग्रंथाचे हृदय आहे. कादंबरीविषयी विचारले असता या स्त्रिया वाचनाविषयी बोलू लागल्या. पुस्तक उघडणे म्हणजे घरातल्या सर्वांना 'ही वेळ माझी आहे' असे सांगणे. दिवसभर इतरांची काळजी वाहणाऱ्या स्त्रीने तासभर कुणाचीही काळजी न वाहण्याचा तो परवाना. नवऱ्यांना राग येई तो पुस्तकातील मजकुराचा नव्हे, तर बायको समोर असूनही उपलब्ध नाही याचा.

संहितेचा अर्थ आणि वाचनकृतीचा अर्थ हे एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी जाऊ शकतात, हे रॅडवे यांचे सूत्र साहित्यशास्त्राला दिलेले मोठे देणे आहे. कथा म्हणते, विवाहातच स्त्रीचे सौख्य. आणि ती कथा वाचण्यासाठी विवाहित स्त्री घरकामाकडे पाठ फिरवून बसते. आपल्याकडे कृतीपेक्षा संहितेला अधिक मान असल्याने हा दुसरा अर्थ आपण क्वचितच पाहतो.

या स्त्रियांची मते मोघम नव्हती, हेही सांगितले पाहिजे. नायिकेवर बळजोरी, दुःखान्त, नायकाचे अनेक स्त्रियांशी संबंध, या गोष्टी त्यांना नापसंत होत्या. शेवट सुखान्त हवाच, पण प्रेम सावकाश उमलणारे हवे. नायिकेत बुद्धी हवी, नायकात कणखरपणाबरोबर हळुवारपणा. काही जणी विकत घेण्यापूर्वी शेवट वाचून पाहत. आपण ज्याला रसभंग म्हणतो ती त्यांची खबरदारी होती. चांगल्या आणि फसलेल्या कादंबऱ्या त्या नेमकेपणाने वेगळ्या काढीत, आणि रॅडवे यांनी आदर्श कथेची तेरा घटकांची संरचना बांधली ती प्रॉपच्या पद्धतीने, पण या स्त्रियांच्या निवडीवरून. 'सगळ्या सारख्याच' हे ज्यांना वाटते ते बाहेरचे. आत असणाऱ्याला फरक दिसतात. अभंगांच्या किंवा लावण्यांच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको.

या ग्रंथाच्या मर्यादाही तितक्याच शिकविणाऱ्या आहेत. स्मिथटनच्या स्त्रियांची मने जिंकलेल्या पुस्तकांत कॅथलीन वुडिविस यांच्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' (१९७२) सारख्या जाडजूड ऐतिहासिक प्रणयकथा अग्रभागी होत्या. त्या मालिकाबद्ध नव्हेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी सरसकट सर्व प्रणयकादंबरीला लावले, तेव्हा एका गावातील ४२ जणींवर सबंध वाङ्मयप्रकाराचा भार पडला. डॉटच्या शिफारशींनी त्यांची रुची घडली होती, म्हणजे एका मध्यस्थाचे मत अनेकींच्या मुखातून येत असण्याचा संभव होता. प्रश्नावलीत पर्याय दिलेले असत, आणि पर्यायातून निवडलेले मत हे अर्धे विचारणाऱ्याचे असते. शिवाय शेवटी स्त्रियांच्या म्हणण्याचा उलगडा मनोविश्लेषणाने होतो : नॅन्सी चोडोरो यांच्या सिद्धान्तानुसार नायक हा वात्सल्य देणाऱ्या आईची जागा घेतो. हे त्या स्त्रियांनी म्हटले नव्हते. ऐकण्याचे काम संपले, की विद्वानाने पुन्हा आपली खुर्ची घेतली. एन आंग यांनी १९८८ मधील आपल्या परीक्षणात नेमके हेच दाखविले. रॅडवे यांना या स्त्रियांचा आनंद पुरेसा वाटत नाही, त्यांना पुढे 'खऱ्या' स्त्रीवादाकडे न्यावेसे वाटते. आनंद हा आनंद म्हणून समजून घ्यायचा राहूनच जातो. १९९१ च्या आवृत्तीला लिहिलेल्या नव्या प्रस्तावनेत रॅडवे यांनी आपल्या भूमिकेची फेरतपासणी केली. असा प्रामाणिकपणा आपल्या समीक्षाव्यवहारात मी फार वेळा पाहिलेला नाही.

६

१९९२ मध्ये एक नवी गोष्ट घडली. जेन ॲन क्रेन्ट्झ यांनी संपादित केलेला 'डेन्जरस मेन अँड ॲडव्हेंचरस विमेन' हा निबंधसंग्रह पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने प्रकाशित केला. लिहिणाऱ्या सर्व प्रणयकादंबरीकार, आणि मुळात या प्रकाराच्या वाचक. लॉरा किन्सेल यांचा त्यांतील निबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाचक स्त्री नायिकेशी तादात्म्य पावते हे गृहीतच त्यांनी उलटे केले. नायिका ही वाचकाने कथेत आपल्यासाठी धरून ठेवलेली जागा. वाचक तेथून नायिकेच्या वागण्याची तुलना आपल्या वागण्याशी करते, तिच्यावर चिडते, तिला शहाणपण शिकविते. तादात्म्य घडते ते नायकाशी. हे खरे असेल तर दीर्घकाळ चाललेली 'दुबळ्या नायिकेशी एकरूप होऊन दुबळी होणारी वाचक' ही चर्चा एका न तपासलेल्या पायावर उभी होती. किन्सेल यांचे मत सर्व वाचकांना लागू पडेल असे नाही. पण ते आतून आलेले आहे, आणि बाहेरून ते सुचले नव्हते. या संग्रहात बचावाचा सूर जरा अधिकच लागला आहे, हे खरे. पॅमेला रीजिस यांच्या 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' (२००३) मध्ये तो सूर शास्त्रीय होतो. रिचर्डसनच्या 'पॅमेला'पासून एक सलग परंपरा मांडून आठ घटकांत त्या प्रणयकादंबरीची व्याख्या करतात. प्रतिष्ठा मिळते, परंतु मधल्या मध्ये वाचक पुन्हा पडद्याआड जाते.

७

भारतातील वाचक स्त्रीला प्रश्न विचारले गेले ते १९९० च्या दशकात. ज्योती पुरी यांचा वसाहतोत्तर भारतातील प्रणयकादंबरी-वाचनावरील निबंध १९९७ मध्ये आला. राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादमधील मध्यमवर्गीय तरुणींमध्ये क्षेत्रीय अभ्यास केला आणि त्यावरील निबंध १९९९ पासून प्रसिद्ध झाले. स्मिथटन आणि हैदराबाद यांतील अंतर येथे ठळक होते. हैदराबादच्या मुलींच्या दृष्टीने ही पुस्तके प्रथम इंग्रजी होती, मग प्रणयकथा. त्यांनी भाषा सुधारते, त्या वाचणे हे वर्गाचे आणि आधुनिकतेचे लक्षण, म्हणून घरातही एका मर्यादेपर्यंत चालून जातात. शरीराविषयी जे कुणी सांगत नाही ते येथे कळते. पाश्चात्त्य नायिकेचे स्वातंत्र्य हवेसे वाटते आणि 'आपल्याकडे असे चालत नाही' हेही त्याच दमात म्हटले जाते. म्हणजे तेच पुस्तक एका ठिकाणी घरातून तासभर सुटण्याचे साधन, तर दुसऱ्या ठिकाणी घराबाहेरच्या जगाची परीक्षा देण्याची तयारी. मी ज्या वाचनालयात पेन्सिलीचे शेरे पाहिले तेथेही इंग्रजी पुस्तकावर शेरे मराठीत असत, ही गोष्ट परमेश्वरन वाचेपर्यंत मला विचार करण्यासारखी वाटली नव्हती.

'मिल्स अँड बून'चे भारतातील अधिकृत प्रकाशन २००८ मध्ये सुरू झाले, २०१४ मध्ये हार्लेक्विन हार्परकॉलिन्सच्या ताब्यात गेली. या घडामोडींत फारसे शिरण्याचे कारण नाही. प्रश्न मराठीचा आहे. कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, चंद्रकांत काकोडकर यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून अक्षरशः झिजल्या. त्या मालिकाबद्ध नव्हत्या, पण वितरणाचे तंत्र पुष्कळसे तेच होते. काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ही कथा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरली. कथेचा कोवळ्या वयाच्या वाचकावर काय परिणाम होईल याचा विचार त्या निवाड्यात आहे. न्यायालयाने निदान तो प्रश्न उपस्थित केला. आमच्या समीक्षेने 'रंजनवादी' हा शिक्का मारून फाईल बंद केली, आणि वाचकाच्या भूमिकेविषयीची चर्चा इझर आणि याउस यांच्या परिभाषेतच चालविली. वाचककेंद्री सिद्धान्तांवर परिसंवाद झाले, वाचनालयाच्या पायऱ्या मात्र चढल्या गेल्या नाहीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने तालुक्याच्या गावातील वाचनालयांच्या सभासद स्त्रिया हा संशोधनविषय मांडला. वाचनालयाची नोंदवही, सभासदांच्या मुलाखती, पुस्तकांवरचे शेरे, अशी तिची साधने होती. 'विषयात वाङ्मयीनता नाही, समाजशास्त्र विभागात जावे' असे समितीने कळविले. समाजशास्त्राकडून 'हा साहित्याचा विषय आहे' असे उत्तर आले. ती आता एका माध्यमिक शाळेत शिकविते. ज्या नोंदवह्या तिला पाहायच्या होत्या त्या दरम्यान रद्दीत गेल्या; वाचनालयाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. असे साधन पुन्हा उभे करता येत नाही. मकॅलीर यांना पत्रव्यवहार मिळाला, कारण कुणी तो टाकून दिला नव्हता.

त्या वाचनालयाचा माल विकला गेला तेव्हा मी त्यातली ११ पुस्तके किलोच्या भावाने घेतली. एका प्रतीच्या शेवटच्या पानावर दोन हस्ताक्षरे आहेत. वरचे बारीक आणि सुबक : 'त्याने माफी मागितली नाही, तरी हिने होकार दिला. पटले नाही.' खाली, दुसऱ्या पेन्सिलीने : 'पान १७२ पाहा. तेथे मागितली आहे.' मी पान १७२ काढून पाहिले. तेथे नायक नायिकेची गाडी दुरुस्त करून देतो आणि काहीच बोलत नाही.